घराने मांडलेली सुरी

तिएर, १६ सप्टेंबर १९६२

प्रिय झेली,

गेल्या सोमवारी सकाळी पहिल्या प्रार्थनेहून परतलो आणि सुऱ्यांच्या कारखान्यात न जाता आधी माळ्यावर चढलो. तिथे अक्रोडाची एक फळी कित्येक वर्षं वाळत पडली आहे. माझी बायको ओदिल होती तेव्हा म्हणायची, "ही काय माझ्या शवपेटीसाठी राखली आहेस का रे?" तिच्या पेटीला शेवटी ओकचं लाकूड लागलं, आणि फळी तशीच राहिली. सोमवारी ती खाली आणली, बोटाच्या पेराने वाजवून पाहिली. ओल असेल तर लाकूड मुकं राहतं. ही फळी खणखणीत बोलली.

मग कारखान्यात गेलो आणि मालकांना विचारून दिवसभर स्वतःचं काम केलं. तुझं पत्र आल्यापासून दुसरं काही सुचतच नव्हतं. जुलैत गवत कापायच्या दिवसांत बाबांना झटका आला तेव्हा जीव वाचला यातच आपण समाधान मानलं. हाताचा विचार कोणी केला? आता तू लिहितेस की उजवा हात काठी धरतो, चमचा धरतो, पण खिशातला चाकू उघडू शकत नाही. त्या चाकूची स्प्रिंग किती कडक आहे ते मी जाणतो. लहानपणी चोरून उघडताना माझं नख तुटलं होतं. दुसऱ्याने उघडून दिलेला चाकू ते हातात घेणार नाहीत, दुसऱ्याने कापून दिलेलं मांस तोंडात घालणार नाहीत, आणि म्हणून अडीच महिने ते सूप आणि भिजवलेल्या पावावर काढताहेत. अठ्ठ्याहत्तरीच्या माणसाने ओब्राकच्या पठारावरचा हिवाळा सुपावर काढायचा, हे होणार नाही, झेली.

या पत्रासोबत पार्सल येईल. त्यात जेवणाच्या सहा सुऱ्या आहेत. पातं उघडायचं नाही, मिटायचं नाही, उचलली की चालली. पाती माझ्या हातची, मुठी त्या अक्रोडाच्या. पाचांच्या मुठी नेहमीसारख्या आहेत. सहावीची मूठ मी जरा जाड ठेवली आहे, डाव्या तळव्यात बसेल अशी एका अंगाने फुगवली आहे, आणि अंगठ्यापाशी खोलगट केली आहे. ती बाबांची. मी डोळे मिटून, डाव्या हाताने, पुन्हा पुन्हा धरून पाहिली.

एक कर. एकट्या बाबांपुढे सुरी ठेवू नकोस, त्यांना आजाऱ्यासारखं वाटेल. सगळ्यांच्याच बशीशेजारी एकेक मांड, जणू घरात आता हाच रिवाज. मग ते काही बोलणार नाहीत.

रोज त्यांच्यासाठी प्रार्थना करतो. तुझ्यासाठीही.

तुझा भाऊ,
बाझील


ला फाज, ३० सप्टेंबर १९६२

प्रिय दादा,

पार्सल पोचलं. सुऱ्या फार सुंदर आहेत. मार्सलेंने एक हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि म्हणाला, "झेलीताई, ही एवढी गुळगुळीत आहे की हिने गाय कापली तरी गाईला कळणार नाही." तुला माहीतच आहे, आपल्या गड्याची स्तुती ही अशी असते. वीस वर्षं इथे राबतोय, पण गोड बोलायला शिकला नाही.

बाबा बरे आहेत. खातात, थोडं. सुऱ्या त्यांनी पाहिल्या.

इथे थंडी लवकर आली. तेरा ऑक्टोबरला, संत जेरोच्या दिवशी, गाई डोंगरावरून खाली आणायच्या. या वर्षी मीच वर जाणार, मार्सलेंचा गुडघा धरला आहे. आपल्या पुलीद गाईला वरचं गवत मानवलं नाही असं गुराखी सांगत होता. खाली आली की बघते. चीज बरं निघालं.

तुझं काम कसं चाललंय? तू कामाबद्दल काहीच लिहिलं नाहीस. एवढी मोठी गोष्ट केलीस, मालकांनी एक दिवस दिला हे चांगलं झालं.

झेली


तिएर, १४ ऑक्टोबर १९६२

प्रिय झेली,

"खातात, थोडं. सुऱ्या त्यांनी पाहिल्या." ही दोन वाक्यं मी पुन्हा पुन्हा वाचली. तू खोटं लिहीत नाहीस, पण जिथे दुखतं तिथे आखूड लिहितेस. आई गेली तेव्हाही तुझं पत्र दोन ओळींचंच होतं.

बाबांना सुरी आवडली नाही, हे मी समजलो. कारणही समजलो असं वाटतं. बाविसाव्या वर्षी मी घर सोडून निघालो तेव्हा ते दारात उभे राहून म्हणाले होते, "जा. हॉटेलवाल्यांसाठी सुऱ्या कर. लाकूड चुलीत घालायचं असतं आणि चाकूची मूठ शिंगाची असते, एवढंही ज्याला कळत नाही त्याने शहरातच राहावं." मी हसलो होतो. तेही थोडेसे हसले होते. पण ते मनापासून बोलले होते, हे मला तेव्हाही माहीत होतं.

म्हणून मी आता दुसरी करतोय. मूठ आपल्या गाईच्या शिंगाच्या टोकाची, जशी त्यांच्या चाकूची आहे. वळणही तसंच, मागे माशीच्या आकाराची खूणही तशीच. फक्त पातं घट्ट बसवलेलं. आणि वजन थोडं कमी करीन. पहिली कदाचित जड झाली असेल, डावा हात लवकर थकतो. पातं फार लांब होतं का? मला सविस्तर लिही. ते सुरी कशी धरतात, मनगट वळतं का, बोट कुठे येतं. चांगलं काम न जमायला हरकत नाही, पण का जमलं नाही हे कळायला हवं.

कारखान्याचं ठीक आहे. काम जरा कमी आहे, म्हणून मला वेळ मिळतो.

गाई सुखरूप उतरल्या का?

बाझील


ला फाज, १ नोव्हेंबर १९६२
सर्व संतांचा दिवस

प्रिय दादा,

शिंगाची सुरी करू नकोस. केली असशील तर पाठवू नकोस. तुझ्या लाकडात काही खोट नाही, वजनातही नाही. आज सकाळी आईच्या कबरीवर फुलं ठेवली आणि तिथेच ठरवलं की तुला सगळं लिहायचं.

पार्सल आलं त्या रविवारी मी खारवलेलं मांस केलं होतं आणि बटाट्याचं आलिगो, बाबांना आवडतं तसं, चीज तारेसारखं ओढलं जाईल इतकं घोटलेलं. तू सांगितल्याप्रमाणे प्रत्येक बशीशेजारी सुरी मांडली. बाबा काठी टेकत आले, आपल्या जागी बसले, आणि टेबलाकडे बघत राहिले.

"आज पाद्रीबाबा येणार आहेत का?" त्यांनी विचारलं.

"नाही, बाबा."

"मग कोणाचं लग्न ठरलंय? मार्सलेंचं?"

मार्सलें म्हणाला, "माझ्याशी कोण करतंय, मालक? मी आरशात बघतो ना रोज."

मी म्हटलं, "बाझीलने पाठवल्यात. तुमच्यासाठी केल्यात."

बाबांनी त्यांची ती जाड मुठीची सुरी उचलली. डाव्या हातात धरली, फिरवली, अंगठा त्या खोलगट जागी ठेवला. दादा, ती त्यांच्या हातात अशी बसली की जणू जन्मापासून तिथेच होती. आणि त्यांनी काय म्हटलं माहीत आहे? "काम चांगलं आहे." मी तुला हे आधीच लिहायला हवं होतं. मग त्यांनी ती बशीच्या पलीकडे सरकवली, रिकामी बाटली सरकवावी तशी.

"झेली, या घरात सुरी कोणाला मांडतात?"

मार्सलेंला गप्प बसता येत नाही. तो म्हणाला, "पाद्रीबाबांना, भटक्या भिकाऱ्याला आणि नोटरीला."

"मग मी त्या तिघांतला कोण?"

एवढं बोलून ते उठले आणि आतल्या खोलीत गेले.

ज्याच्या खिशात स्वतःचा चाकू असतो तो घरचा माणूस. ज्याला घर सुरी मांडतं तो पाहुणा. आपण दोघं याच टेबलाशी वाढलो आणि दोघंही विसरलो. तू शहरात राहतोस, तुला क्षमा आहे. मी तर रोज या टेबलावर फडकं मारते. माझ्याच हाताने मी बाबांना त्यांच्या घरात पाहुणा केलं.

त्या दिवसापासून ते टेबलाशी आले नाहीत. खोलीतच सूप घेतात. आणि इकडे दुसरीच गंमत झाली आहे, रडावं की हसावं कळत नाही. मालक चाकू मिटतात तेव्हा जेवण संपतं, हे मार्सलेंच्या हाडात मुरलेलं आहे. तो जेवून झाल्यावर बसूनच राहतो. गोठ्यातून गाई हंबरतात, हा भिंतीकडे बघत बसलेला.

"ऊठ ना, मार्सलें."

"मालकांनी चाकू मिटला नाही."

"मालक आत झोपलेत."

"मग मी जरा वाट बघतो."

"मी उठतेय ना! माझ्याबरोबर ऊठ."

तर म्हणतो, "झेलीताई, तुम्ही उठणार कशा? तुम्ही बसलातच कधी?"

खरं आहे. आईही चुलीपाशी उभ्याने जेवायची, मीही तशीच जेवते. माझ्या ते कधी लक्षातच आलं नव्हतं.

आता जे मी लपवलं ते. त्या रविवारी संध्याकाळी बाबांनी मला खोलीत बोलावलं आणि सांगितलं, "बाझीलला लिही. माझ्या हाताने आता चाकू मिटत नाही. त्याने यावं आणि चाकू घ्यावा. मुलगा आहे तो." मी "हो" म्हटलं आणि लिहिलं नाही. महिन्याहून अधिक झालं. रोज ते विचारतात, उत्तर आलं का. मी म्हणते, पोस्ट उशिरा येतं.

का लिहिलं नाही ते तुला कळेल. अकरा वर्षं या गाई मी बघते. कोणती कुठल्या वासराची आजी आहे ते मला विचारावं लागत नाही. बाबांनी मला कधी काही कमी केलं नाही, पण चाकू मला द्यावा हे त्यांच्या मनात येणारच नाही, जसं चुलीला टोपी घालावी हे कोणाच्या मनात येत नाही. तू आलास तर घर तुझं. तू मला जा म्हणणार नाहीस, हेही मला माहीत आहे. पण तुझ्या घरात मी चुलीपाशी उभी राहीन का, ते मला माहीत नाही. रोदेझला नन्सच्या धोबीखान्यात बाई हवी आहे असं ऐकलंय.

आता लिहून टाकलं. बाबांचा निरोप तुला पोचला. तू काय ते ठरव.

झेली


तिएर, १८ नोव्हेंबर १९६२

प्रिय झेली,

मी आठ डिसेंबरला येतो, कुमारी माउलीच्या सणाच्या दिवशी. संध्याकाळच्या बसने. बर्फाने रस्ता बंद झाला तर लायोलला मुक्काम करून रविवारी सकाळी चालत येईन.

बाबांना सांग, पत्र उशिरा पोचलं. हे खोटं आपण दोघं मिळून बोलू, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला अर्धंच येईल.

तुझं पत्र वाचल्यावर मी माझ्या खिशातला चाकू काढून टेबलावर ठेवला आणि एकटाच जेवायला बसलो. माझ्या घरी मी कधी सुरी मांडत नाही. ज्या सुऱ्या मी करतो त्यांनी मी स्वतः एकदाही जेवलेलो नाही. हे माझ्याही लक्षात आलं नव्हतं.

बाकी भेटीत बोलू.

बाझील


ला फाज, ६ जानेवारी १९६३

प्रिय दादा,

तू जाऊन महिना होत आला आणि तुझी एक ओळ नाही. म्हणून मीच लिहिते. तीन राजांचा सण आहे, बाहेर गुडघाभर बर्फ आहे, बाबा झोपलेत. मला तुला एकच प्रश्न विचारायचा आहे, पण त्याआधी मला जसं दिसलं तसं सांगते.

बसमधून तुझी पेटी उतरवताना मार्सलें कळवळला होता. "ह्यात काय आहे बाझीलदादा, सासू?" तू म्हणालास, "थोडी हत्यारं." रात्री तू झोपल्यावर मी ती ओसरीतून आत ओढली. आत लोखंड हललं, म्हणून झाकण किलकिलं करून पाहिलं. तुझा शेगडा होता त्यात, पातं घट्ट पकडून ठेवणारा तो लोखंडी जबडा. दोन दिवसांसाठी येणारा माणूस कामाच्या ओट्यावरून बोल्ट काढून शेगडा सोडवून आणत नाही. तू राहायला आला होतास. त्या रात्री मी धोबीखान्याला पत्र लिहिलं. ते अजून माझ्या प्रार्थनेच्या पुस्तकात आहे.

मग रविवारचं जेवण. बाबा तुझा हात धरून टेबलाशी आले. सप्टेंबरनंतर पहिल्यांदा. त्यांनी खिशातून चाकू काढला, मिटलेलाच, आणि तुझ्या बशीपुढे ठेवला.

"उघड," ते म्हणाले.

मी चुलीपाशी होते. माझ्या हातातला डाव थांबला. मार्सलेंने टोपी काढली, चर्चमध्ये काढतो तशी. तू चाकूकडे इतका वेळ बघत राहिलास की आलिगो घट्ट व्हायला लागलं. मग माझ्याकडे वळलास.

"झेली, मला एक सुरी दे. मी माझी आणली नाही."

मला वाटलं, तू थट्टा करतोयस. तुझा चाकू तुझ्या बंडीच्या खिशात होता, सकाळी मीच ती बंडी खुंटीला लावली होती.

"ती लाकडी मुठीची," तू म्हणालास. "पाहुण्याला मांडतेस ती."

बाबांचा चेहरा लाल झाला. "तू या घरचा आहेस."

"या घरचा होतो, बाबा. आता मी येतो आणि जातो. घरचं कोण आहे ते गोठ्यात जाऊन विचारा."

"गाईंना विचारू?"

"माणसांच्या रिवाजाला विचारून तर तुम्ही मला बोलावलंत."

मला वाटलं आता काठी उचलतात. मार्सलेंनेही आपली बशी जरा जवळ ओढली. मी कपाटातून सुरी काढली आणि तुझ्यापुढे ठेवली, आणि ती बशीवर वाजली. तू क्रूस केलास, मांस कापलंस आणि जेवायला लागलास. पाहुणा जेवतो तसा, हळूहळू, मान खाली घालून.

बाबा बघत होते. मग म्हणाले, "मलाही एक दे."

दादा, माझ्या बापाने सुरी मागितली. त्याच आवाजात, ज्या आवाजात ते मीठ मागतात. मी ती जाड मुठीची दिली. त्यांनी पाव छातीशी धरला, सुरीच्या टोकाने त्याच्या पाठीवर क्रूस काढला, डाव्या हाताने काढल्यामुळे वाकडा झाला, आणि त्यांनी स्वतः पाव कापला. मांसही कापलं. दुसऱ्यांदा मागून घेतलं. आता रोज असंच जेवतात, गालही जरा भरलेत.

आणि जेवणानंतर त्यांनी तो चाकू मनगटाने माझ्याकडे ढकलला. "बस," एवढंच म्हणाले. मी बाकाच्या टोकाला बसले. पण चाकू उघडला नाही. तू उठून आभाराची प्रार्थना म्हटलीस म्हणून जेवण संपलं. दुसऱ्या दिवशी पहाटे तू पेटी घेऊन गेलास.

चाकू टेबलाच्या खणात आहे. मी त्याला हात लावलेला नाही. मार्सलें पुन्हा भिंतीकडे बघत बसतो आणि मला विचारतो, "झेलीताई, ह्या हिवाळ्यात कोणीतरी मिटेल का?"

नाताळच्या आधी गाईंचा व्यापारी आला होता, तिएरचा. त्याने सांगितलं, तुमच्या कारखान्यातला लाकडी मुठींचा विभाग ऑक्टोबरातच बंद झाला, आता प्लास्टिकच्या मुठी साच्यातून निघतात, जुन्या माणसांना हिशेब देऊन घरी पाठवलं. म्हणजे तू पहिल्या सुऱ्या केल्यास त्यानंतर महिन्याभरातच. तुला जायला दुसरी जागा नव्हती. घर तुझ्यापुढे ठेवलं होतं, तुझ्या बापाने स्वतःच्या हाताने ठेवलं होतं, आणि तू सुरी मागितलीस.

का? माझी दया आली? ते पत्र तुला पुस्तकात दिसलं का? खरं लिही. दयेने मिळालेला चाकू मी उघडणार नाही. तसं असेल तर तू ये आणि घे. मी चुलीपाशी उभी राहीन, मला सवय आहे.

झेली


तिएर, २७ जानेवारी १९६३

प्रिय झेली,

व्यापारी खरं बोलला. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात मालकांनी आम्हा चौघांना बोलावलं. ते वाईट माणूस नाहीत, बोलताना टोपी हातात घेऊन उभे होते. मी तुला लिहिलं, काम जरा कमी आहे. तू मला लिहिलंस, खातात, थोडं. आपण एकाच आईची मुलं आहोत.

तुझं दुसरं म्हणणंही खरं आहे. मी राहायला आलो होतो. तुझं सर्व संतांच्या दिवसाचं पत्र वाचलं तेव्हा मला तुझं वाईट वाटलं, पण त्याआधी, पहिल्या क्षणी, मला आनंद झाला. मला वाटलं, देवाने एक दार लावलं आणि दुसरं उघडलं. बसमध्ये मी वाक्य जुळवत होतो. झेली कुठे जाणार नाही, आपण दोघं मिळून बघू, वगैरे. चांगली वाक्यं होती. शनिवारी रात्री झोपताना मी छताच्या तुळया मोजल्या आणि त्यातली कोणती बदलायला झाली आहे याचा विचार केला. माणूस दुसऱ्याच्या तुळयांचा विचार करत नाही.

तुझं पत्र मी पाहिलं नाही. पुस्तकात आहे हे मला आत्ता कळतंय.

रविवारी पहाटे, उजाडायच्या आधी, मी गोठ्यात गेलो. प्रार्थनेला जाण्यापूर्वी गाई बघाव्यात म्हणून. खरं सांगायचं तर माझ्या गाई बघाव्यात म्हणून. तू आधीच तिथे होतीस, कंदील खुंटीला होता, आणि तुझी माझ्याकडे पाठ होती. तू पुलीदच्या पोटाला कान लावून उभी होतीस. मग एप्रनच्या खिशातून पावाचा तुकडा काढलास, आणि दुसऱ्या खिशातून चाकू.

झेली, तुझ्याजवळ चाकू आहे हे मला माहीत नव्हतं. बाबांना माहीत नाही, मार्सलेंला माहीत नाही. मी आयुष्यभर पाती पाहत आलो आहे, कंदिलाच्या उजेडातही मला कळलं. ते पातं निम्मं झिजलेलं आहे, विलोच्या पानाएवढं अरुंद उरलं आहे. एवढं झिजायला रोज वापर लागतो, रोज दगडावर धार लागते, आणि वर्षं लागतात. तू पावाच्या पाठीवर क्रूस काढलास, कापून खाल्लास, तिथेच, गाईंच्या मधे. मग तू चाकू मिटलास. खट् आवाज झाला. आणि ओळीने बसलेल्या गाई उठून उभ्या राहिल्या. एकामागून एक, पुढचे पाय मागाहून, जड अंगाने. तू त्यांना हाक मारली नव्हतीस. तू धारेची बादली घ्यायला वळलीस आणि मी अंधारात मागे सरकलो.

मी तिथून चर्चपर्यंत बर्फातून चालत गेलो आणि सगळी प्रार्थना ऐकली, पण काय ऐकलं ते सांगता येणार नाही. बाबांना वाटतं, चाकू मिटायला घरात हात नाही. तो हात रोज पहाटे चाकू मिटतो आहे आणि ज्यांनी उठायचं ते उठताहेत. यात मी कुठे येतो? तुळया मोजणारा मी, माझ्या गाई एकदाही मला बघून उठल्या नसत्या.

तेव्हा दया नाही. दया वरून खाली येते. मी दारात उभा होतो आणि तू आत होतीस. मी जे होतं ते पाहिलं, आणि टेबलाशी ज्याची जी जागा होती तिथे बसलो. अवघड गेलं, हे लपवत नाही. बाबांचा चाकू तसा पुढ्यात आला तेव्हा हात आपोआप निघाला होता, तो मी मांडीखाली दाबून धरला होता. तुझ्या जागेवरून तो दिसला नसेल. तू ठेवलेली सुरी बशीवर वाजली ना, तोवर तो दाबलेलाच होता.

चाकू खणातून काढ. तो शिंगाचा, जड आहे, तुझ्या खिशाला ओढ लावेल. मिटताना बोट सांभाळ, स्प्रिंग अजून तशीच आहे. धोबीखान्याचं पत्र चुलीत घाल. मार्सलेंला फार वेळ भिंतीकडे बघायला लावू नकोस, त्याचा गुडघा आखडेल.

लिहायला उशीर केला कारण इतके दिवस माझं मन एका जागी नव्हतं. परत आल्यावर पेटी जिन्याखाली ठेवली, दोरही सोडला नाही. रोज तिच्यावरून ओलांडून जायचो. कधी वाटायचं, एक पत्र लिहावं, बाबांना, सरळ, की चाकू मी घेतो. एकदा लिहायला बसलोही. अशा अवस्थेत तुला काय लिहिणार होतो?

गेल्या आठवड्यात द्युरोल नदीच्या काठाला एक जुनं धारघर मोकळं झालं. म्हातारा धारवाला मुलीकडे राहायला गेला. पाण्यावर फिरणारा दगड अजून फिरतो. खोली दमट आहे, खिडकी एकच, पण उत्तरेची, पात्याचा रंग त्या उजेडात नीट कळतो. पलीकडच्या मठातल्या नन्सना भोजनगृहासाठी लाकडी मुठीच्या सुऱ्या हव्या आहेत, प्लास्टिक त्यांच्या मदर सुपीरियरना चालत नाही. त्या संपल्या की पुढे काय, ते माहीत नाही.

काल सकाळी मी हातगाडीवरून पेटी तिथे नेली. दोर सोडला, हत्यारं भिंतीला लावली. मग शेगडा खिडकीखालच्या ओट्यावर ठेवला, चार भोकं पाडली, आणि बोल्ट घालून पक्का आवळला.

तुझा भाऊ,
बाझील